अनुभव धागा : घरबसल्या परदेशी काम आणि त्याचा मोबदला

छायाचित्रांतील वस्तूंभोवती चौकटी आखणे, ध्वनिमुद्रण ऐकून टंकलेखन करणे, परदेशी कंपन्यांचे हिशेब लिहिणे अशी कामे आता आपल्या लहानमोठ्या शहरांतून होतात. मिळकतीचे आकडे पुष्कळ जण सांगतात; काम नाकारले गेले तर काय होते, पैसे खात्यात कसे येतात आणि दिवस कोणाच्या घड्याळावर चालतो, हे मात्र क्वचितच लिहिले जाते. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना उपयोग होईल अशा बेताने, कंपन्यांची नावे टाळून, आपापले अनुभव सविस्तर लिहावेत.

सातारा, चित्रांचे अंकन
झाडाआड अर्धवट दिसणाऱ्या रिक्षाची चौकट दिसतो तेवढ्याच भागाभोवती आखायची की अदमासाने पूर्ण रिक्षाभोवती, याचा नियम प्रत्येक प्रकल्पात वेगळा असतो. तो मध्येच बदलला की जुन्या नियमाप्रमाणे केलेला संच परत येतो आणि त्याचे पैसे मिळत नाहीत. म्हणून मी सूचनापत्राची प्रत तारखेसह जपून ठेवते. तिच्या आधारे नाकारलेला एक संच मला पुन्हा तपासून घेता आला. सूचना वाचण्याचा आणि चाचणी देण्याचा वेळही मोबदल्यात धरला जात नाही, तेव्हा चित्रामागे मिळणाऱ्या दरापेक्षा तासाला किती पडतात तेच पाहावे.

अकोला, आवाजाचे ध्वनिमुद्रण
मोबाइलवर दिसणारी मराठी वाक्ये वाचून ध्वनिमुद्रित करायची, एवढेच हे काम. पंख्याचा आवाज चालत नाही, त्यामुळे मे महिन्यात दारे-खिडक्या लावून, पंखा बंद करून बसावे लागते. आमच्या वऱ्हाडी बोलण्यात ‘काळा’चे ‘काया’ होते. माझी अशी काही वाक्ये तपासनिसाने चुकीची ठरवली, आणि पैसे मंजूर वाक्यांचेच मिळतात. मला हे मनापासून खटकते, कारण यंत्राला सगळ्यांची मराठी कळावी म्हणूनच तर हे आवाज गोळा केले जातात. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी 2020 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 36 जणांकडून 109 तासांचे मराठी वाचन जमवले होते, आणि त्यांत ग्रामीण भागातील व शहरी वस्त्यांतील अल्प उत्पन्न असलेली माणसेही होती. अशा लोकांना वगळून जमवलेला संग्रह अपुराच राहील. काम स्वीकारण्यापूर्वी बोलीतील उच्चार चालतील का, हे आता मी लेखी विचारून घेते.

नाशिक, हिशेबलेखन
अकोल्याच्या ताईंचा लेखी विचारण्याचा सल्ला वेळेच्या बाबतीतही तितकाच लागू पडतो. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. नोव्हेंबरात तिथली घड्याळे मागे घेतली की आमच्या घरातल्या जेवणाची वेळही बदलते. बैठकीची वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाने ठरली, हे करारात लिहून घ्यावे. पैशांबाबत सांगायचे तर बँक रक्कम जमा करताना ती कशासाठी आली याचा कोड विचारते. तो कामाशी जुळणारा असावा आणि परदेशी रक्कम आल्याचा दाखला दर वेळी मागून घ्यावा. विवरणपत्र भरताना माझे सनदी लेखापाल सर्वांत आधी हे दाखले आणि बिले मागतात. डॉलरमधील बिल आणि हातात पडलेले रुपये यांत मध्यस्थाचे शुल्क आणि विनिमय दराचा फरक जातो, म्हणून दोन्ही आकडे मी एकाच वहीत शेजारी-शेजारी लिहितो आणि पुढचा दर सांगताना ती वही समोर ठेवतो.