मदत हवी आहे: सेसना 172 एमच्या डाव्या मॅग्नेटोवर जास्त ड्रॉप

नमस्कार मंडळी. विमान लातूरला आहे, इंजिन चार सिलिंडरचं लायकमिंग ओ-320. पावसाळ्यात दोन महिने उभंच होतं. आता रन-अपला (उड्डाणाआधीच्या इंजिन चाचणीत) 1700 आरपीएमवर फक्त डावा मॅग्नेटो (प्लगला ठिणगीची वीज देणारं यंत्र, इंजिनला असे दोन असतात) चालू ठेवला की 180 आरपीएमचा ड्रॉप येतो, म्हणजे वेग तेवढा घटतो, आणि इंजिन थरथरतं. उजव्यावर 70. मॅन्युअलची मर्यादा 125, दोघांतला फरक 50. म्हणजे उड्डाण बंद, "एक चक्कर मारून बघ" असं कृपया कुणी सुचवू नका.

मिक्श्चर लीन करून (इंधनाचं प्रमाण कमी करून) प्लगवरची काजळी जाळून पाहिली, फरक नाही. इंजिनिअरनं ठिणगीचं टायमिंग तपासलं, 25 अंशांवर बरोबर आहे. मग थंड इंजिन फक्त डाव्यावर थोडं चालवून बंद केलं आणि एक्झॉस्ट पाइपांवर पाणी शिंपडलं: तिघांवर चर्र झालं, तीन नंबर सिलिंडरच्या पाइपवर थेंब तसाच ओघळला, म्हणजे तो थंडच. त्याचा प्लग एक नंबरशी बदलला, तरी थंड तीनच. म्हणजे प्लग निर्दोष.

इंजिनिअर हैदराबादहून येतात, पुढची फेरी आठ दिवसांनी. हाय टेन्शन लीड (मॅग्नेटोपासून प्लगपर्यंतची वायर) तपासायचा टेस्टर इथं नाही. मॅग्नेटोची 500 तासांची तपासणीही जवळ आलीय, त्यामुळे संशय लीड आणि मॅग्नेटो दोन्हीकडे जातो. दोष लीडमध्ये आहे की मॅग्नेटोतल्या डिस्ट्रिब्युटर ब्लॉकमध्ये (प्रत्येक लीडला वीज वाटणारा भाग) ओल धरलीय, हे त्या टेस्टरशिवाय खात्रीनं कसं ओळखायचं, आणि इंजिनिअरना सोबत हार्नेस (लीडचा पूर्ण संच) आणायला सांगू की मॅग्नेटोच काढून पाठवू?