अनुभव धागा : पिवळ्या बटणाचा ब्रिक गेम तुम्ही कसा खेळायचात?

नव्वदीत कोल्हापुरात वाढलेल्यांनी इथं लिहावं. महाद्वार रोडवर, जोतिबाच्या यात्रेत खेळण्यांच्या दुकानांत हातात धरून खेळायचा, सेलवर चालणारा हा गेम लटकत असायचा. आमच्याकडं सगळे त्याला नुसतं 'व्हिडिओ गेम' म्हणायचे. पण 'माझ्याकडंही होता' एवढ्यावर थांबू नका, खेळायचात कसा ते सांगा.

माझ्यापासून सुरुवात. पडदा १० चौकोन रुंद, २० उंच. खेळ मुळात टेट्रिस, अलेक्सेई पाजितनोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत तयार केलेला. वरून तुकडे पडत येतात, ते असे लावायचे की आडवी ओळ पूर्ण भरेल, भरली की ती गायब होते. मी उजव्या कडेचा एक रकाना मोकळा ठेवून बाकी भरत न्यायचो आणि चार चौकोनांच्या उभ्या काठीची वाट बघायचो. एक ओळ गेली की १०० गुण, चार एकदम गेल्या की १५००. काठी येईना, ढीग वर चढायला लागला, तरी रकाना बुजवायचा नाही. सगळा खेळ त्या धीराचा.

पेठेतली धाकटी
दादा, काठीची वाट आमची अक्कापण बघायची, पण तिची नजर वेगळीच. पडणाऱ्या तुकड्याकडं ती बघायचीच नाही, बाजूच्या चौकटीत पुढचा कुठला येतोय तिकडं लक्ष. हातातला तुकडा बोटं आपोआप लावायची. गेम ओव्हर होईपर्यंत पाळी तिचीच, आणि ती लवकर आऊट व्हायची नाही! पडद्याला स्वतःचा उजेड नसतो, त्यामुळं रात्री लाईट गेली की आम्ही कंदिलाभोवती डोकी घालून बसायचो.

रंकाळा_९२
मला त्यातला टँकचा खेळ आवडायचा. खोक्यावर ९९९९ गेम लिहिलेलं, पण खरे वेगळे खेळ थोडेच. बाकी स्पीड आणि लेव्हल बदलून केलेली मोजणी. सेल काढले की हायस्कोर पुसला जायचा, म्हणून आम्ही कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवायचो. आई रागवायची नाही, तिचाही आकडा तिथंच होता.

शाहूपुरीचे काका
पोरांनो, तुमच्या आधीचं सांगतो. चुलत्यांनी दुबईहून निन्टेंडो या जपानी कंपनीचा 'गेम अँड वॉच' हा खिशात मावणारा गेम आणला होता, १९८१ चा ऑक्टोपस. पाणबुड्यांनी खाली जाऊन खजिना उचलायचा, ऑक्टोपसचे हात चुकवत होडीत परत यायचं. चित्रं काचेवर आधीच ठरलेली. माणूस सरकत नाही, एका जागी विझतो आणि पुढच्या जागी उमटतो. त्यामुळं डोळ्यांपेक्षा कान जास्त उपयोगी. त्या टिकटिकीच्या तालावर हात हलायला लागला की रंगत यायची. २०० गुणांना आधीच्या चुका माफ व्हायच्या, त्या आकड्याजवळ आलं की घर गप्प व्हायचं.

सोल्डरवाला
मी अजून हे गेम दुरुस्त करतो, लई जीव आहे त्यांच्यात. पडद्याच्या काही रेघा गायब असतील तर टाकू नका. काच आणि सर्किटच्या मध्ये दोघांना जोडणारी रबराची पट्टी असते, तिला झेब्रा पट्टी म्हणतात. ती आणि तिच्या खालचे पॉइंट स्पिरिटनं हलक्या हातानं पुसून परत नीट दाबून बसवा, बहुतेकदा रेघा परत येतात. बटण चालत नसेल तर त्याच्याखालची काळी कार्बनची टिकली पुसा. पाणी नको, आणि घासूनही काढू नका. वापरत नसाल तर पेन्सिल सेल बाहेर काढून ठेवा, नाहीतर ते गळून स्प्रिंगा खातात. कुणाच्या माळ्यावर असेल तर आज उतरवून तेवढं बघा, अडलात तर इथं फोटो टाका, सांगतो.