‘गो’चे भूतकाळी रूप ‘वेंट’ कसे?

प्रश्न (दादर): मुलीला इंग्रजी शिकवताना ‘गो’चे भूतकाळी रूप ‘वेंट’ का होते, हे मला सांगता आले नाही. यामागे काही नियम आहे का?

उत्तर (गिरगाव): नियम नव्हे, इतिहास आहे. ‘वेंट’ हे मुळात ‘वळणे, वाट धरणे’ अशा अर्थाच्या ‘वेंड’ या निराळ्या क्रियापदाचे भूतकाळी रूप असून, ‘गो’चे जुने रूप मागे पडत गेल्यावर साधारण १५व्या शतकात ते त्याच्या जागी रूढ झाले. ‘सेंड-सेंट’ ही जोडी शेजारी ठेवा, मुलीला लगेच पटेल.

उत्तर (मुलुंड): मराठीतही हेच घडले आहे आणि मला ते फार सुंदर वाटते. ‘जाणे’ संस्कृत ‘या’ धातूपासून आले, तर ‘गेला’ हे ‘गम्’च्या ‘गत’ या रूपापासून.