जंतरमंतरला अर्धा दिवस ठेवा

डिसेंबरअखेरीस तीन दिवस, सोबत सहा आणि नऊ वर्षांची मुलं, दिल्ली की जयपूर असं विचारलंय. मी जयपूरच म्हणेन. त्या दिवसांत दिल्लीच्या धुक्यात गाड्या, विमानं रखडतात आणि मुलं कंटाळून रडकुंडीला येतात.

जयपूरच्या जंतरमंतरला, म्हणजे तिथल्या जुन्या वेधशाळेला, मात्र निवांत जा. तिथलं सम्राट यंत्र हे भलंमोठं सूर्यघड्याळ साधारण २७ मीटर उंच आहे, त्याची सावली सेकंदाला जवळपास १ मिलिमीटर सरकते. म्हणजे ती डोळ्यांदेखत हलताना दिसते! आमची लेक तिथून निघायलाच तयार नव्हती. लख्ख ऊन हवं, म्हणून अकरानंतर जा. तिथली वेळ आपल्या घड्याळाशी जुळत नाही, कारण ती जयपूरची सौरवेळ. मुलांना आधीच सांगून ठेवा.

आमेरचा किल्ला सकाळी, स्वेटरवर जाकीट चढवून. हवामहल बाहेरूनच पुरे.