रिपोर्ट बुकात न लिहिलेलं: सिस्टरांनो, तुम्हीही सांगा (अनुभव धागा)

देवगडची मावशी
काल आभाळ भरून आलं म्हणून आंबापोळीची ताटं आत घ्यायला धावले. वरून झाकायला माळ्यावरचं प्लॅस्टिक ओढलं, तर सोबत एक पिशवी खाली आली. आत १९८९ ची खिशातली डायरी. एका पानावर एवढंच: "रात्र. विंचू. मुलगा, ९. पहाटे भूक लागली म्हणाला."

सगळं आठवलं. चिऱ्यांच्या ढिगात हात घातला होता त्याने. आमच्याकडचा लाल विंचू, तुम्हाला माहीत आहेच. अंग घामाने निथळत होतं आणि हातपाय बर्फासारखे. पूर्वी अशी मुलं सकाळपर्यंत तोंडाला फेस येऊन जायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा, म्हणजे बीपी उतरवणाऱ्या औषधाचा, उपयोग दाखवून दिला, म्हणून आमच्याकडे निदान गोळी तरी होती. गोळी देऊन झोपवून ठेवायचं, उठू द्यायचं नाही, नाहीतर बीपी धाडकन खाली. दर अर्ध्या तासाला बीपी, नाडी, श्वास. मधल्या वेळात मी त्याचे तळवे धरून बसले होते. तळवे गरम व्हायला लागले की समजायचं, सुटला. चारच्या सुमारास झाले. मग म्हणाला, भूक लागली.

रिपोर्ट बुकात मी काय लिहिलं? "पेशंट कम्फर्टेबल. युरिन पास्ड." झालं.

निवृत्तीनंतर दोनशे पानी वही आणली. लिहायला बसते, तर प्रत्येक वाक्य सकाळच्या पाळीला चार्ज दिल्यासारखं उतरतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत "मी" हा शब्द कागदावर कधी लिहिलाच नव्हता. तुमचं कसं झालं?

तळेरेकर
आंबापोळी वाचली का ते आधी सांगा.

देवगडची मावशी
दोन ताटं वाचली. तिसऱ्यात पावसाचे थेंब पडलेत, ती जावयाला.

दापोली उपकेंद्र (निवृत्त)
मी एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणारी उपकेंद्राची नर्स. खांद्याला व्हॅक्सिन कॅरिअर, आत चार आइसपॅक, आणि खाडी ओलांडायला तर, म्हणजे होडी. ओहोटी असली की तर चिखलात बसायची. मग साडी गुडघ्यापर्यंत खोचून चालत सुटायचं, कारण बर्फ आपल्यासाठी थांबत नाही. गुडघे आता तेव्हाचा प्रवासभत्ता मागतायत. अजून मंजूर नाही.

पल्स पोलिओला घरी पोरं सापडायची नाहीत, हर्णैच्या बंदरावर लिलावाच्या गर्दीत सापडायची. डाव्या करंगळीला शाई लावली की दुसऱ्या दिवशी तीच पोरं उजवी करंगळी पुढे करून परत हजर, गंमत म्हणून. २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त झाल्याचं टीव्हीवर सांगितलं तेव्हा मी कोलंबी सोलत होते. तशीच उठून उभी राहिले. नवरा म्हणाला, काय झालं? म्हटलं काही नाही, आणि बसले.

रायवळप्रेमी
मी नर्स नाही, पण आमच्या गावच्या नर्सबाईंबद्दल आजी म्हणायची, "तिचो हात हलको. इंजेक्शन कधी दिल्यान ता कळलाच नाय माका." काचेची सिरिंज उकळायला ठेवली की मी मात्र काजूच्या झाडावर. तिथूनही खाली उतरवलं होतं मला, लाडू दाखवून. लाडू दिला नाही. चाळीस वर्षं झाली, विसरलो नाही.

देवगडची मावशी
@रायवळप्रेमी लाडू माझ्याकडून लागू. टोचल्यानंतरच मिळेल.

रात्रपाळी
ड्युटीवरून आत्ताच आले. तुमचं वाचून बरं वाटलं आणि थोडा रागही आला. काल दोन सिस्टर आणि अख्खा वॉर्ड, त्यात तापाचे पेशंट. पहाटे तीनला चहाचा कप तोंडाला लावला तर एका नातेवाइकाने मोबाईलवर शूटिंग केलं, "बघा, सिस्टर चहा पितायत." लिहिणं वगैरे राहू दे, आधी झोपते.

दापोली उपकेंद्र (निवृत्त)
झोप बाय. जेवून झोप.

आचरेकर मास्तर
एक शंका. पेशंटच्या गोष्टी अशा लिहाव्यात का? नाव बदललं तरी कोकणात "वळणावरचं घर, दारात सुरंगी" एवढं म्हटलं की तीन गावांना कळतं.

देवगडची मावशी
बरोबर आहे मास्तर. म्हणूनच बाळंतपणाच्या कितीतरी गोष्टी वहीत येणारच नाहीत. काही बायकांनी कळा देताना जे सांगितलं ते आईलाही सांगितलेलं नव्हतं. विंचवाचं चालेल असं वाटलं, विंचवात लाज कसली. तरी गाव लिहिलेलं नाही, बघा.

आणि वहीवरून फोनवर उतरवते ते बोलून. काल "नाळ कापली" म्हटलं तर याने "नळ कापला" केलं. वाचणाऱ्याला वाटेल मी पाणीपुरवठ्यात होते.

तळेरेकर
😂 ट्रेझरीत नका पाठवू, पेन्शन बंद करतील.

दापोली उपकेंद्र (निवृत्त)
पेन्शनवरून आठवलं. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला जाते. आयुष्यभर लोकांच्या जन्ममृत्यूच्या नोंदी केल्या, आता बँकेतला नातवाच्या वयाचा मुलगा मशीनवर अंगठा ठेवायला लावून मी जिवंत आहे का ते बघतो. साबण आणि स्पिरिटने बोटं इतकी गुळगुळीत झालीत की गेल्या वर्षी अंगठा तीनदा उमटला नाही. म्हटलं, बाळा, नाडी बघ हवी तर.

रायवळप्रेमी
हे वहीत लिहा! हेच लिहा!

काजूची बी
आंबापोळीत साखर घालता का? आमची काळी पडते.

देवगडची मावशी
रायवळाची असेल तर थोडी, हापूसला नाही. ताटाला तुपाचा हात लाव, आणि थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नकोस.

आचरेकर मास्तर
तो विंचवाचा मुलगा आता कुठे असतो?

देवगडची मावशी
माहीत नाही मास्तर. सकाळी पेज पाजली, आठला माझी पाळी संपली. दुसऱ्या रात्री गेले तेव्हा खाटेवर दुसरा पेशंट होता. आता पंचेचाळिशीच्या आसपास असेल. समोर आला तरी चेहरा ओळखणार नाही, तळवे कदाचित ओळखीन.

लाईट गेली. फोन बारा टक्क्यांवर आहे, उरलेलं उद्या.