तुरुंगात मिळालेलं सुतारकामाचं प्रमाणपत्र दाखवावं की नाही? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इथे बरीच वर्षं वाचनमात्र होतो. मधली साडेपाच वर्षं वाचायलाही नव्हतो, कारण आत होतो. हिशेब सांभाळायचो आणि मालकाचे पैसे स्वतःच्या कर्जात फिरवले. त्यावर चर्चा नको, ती कोर्टात होऊन गेली. सुटून चार महिने झाले.

हिशेबाचं काम मला कुणी देणार नाही आणि खरं सांगायचं तर मीही मागणार नाही. आत सुतारकाम शिकलो. नुसती ठोकाठोक नव्हे. बिनखिळ्याचे जोड, पॉलिश, सगळं. सुरुवातीला रंधा धरला की हात भरून यायचे, शेवटच्या वर्षी नव्या मुलांना मीच शिकवत होतो. परीक्षा दिली, प्रमाणपत्र मिळालं. त्यावर तुरुंगाचा गोल शिक्का आहे. मला काम येतं हे सांगणारा एकमेव कागद तोच, आणि मी कुठे होतो हे सांगणाराही तोच.

एका ठिकाणी अर्जातच सगळं लिहिलं. फोन आला नाही. दुसरीकडे प्रमाणपत्र लपवलं, 'घरगुती कारणाने खंड' असं लिहून हेल्पर म्हणून लागलो. अकराव्या दिवशी कुणीतरी माझं नाव मोबाइलवर शोधलं. मालक चिडला नाही. "आधी सांगितलं असतंस तर..." एवढंच म्हणाला आणि त्या दिवसापर्यंतचे पैसे मोजून हातावर ठेवले. तो 'तर' डोक्यातून जात नाही. सांगितलं असतं तर ठेवलं असतं का? मला वाटतं, नसतं. पण नक्की म्हणता येत नाही.

बाकी गोष्टी मार्गी लागतायत. बंद पडलेलं बँक खातं सुरू करायला जुन्या नंबरवर ओटीपी जातो आणि तो नंबर आता दुसऱ्याच कुणाचा आहे. हसावं की रडावं! पहाटे गिनतीच्या वेळेला जाग येते, ती येऊ दे. बहिणीकडे राहतो. ती काही बोलत नाही, पण भाचा मित्रांना सांगतो, मामा परदेशात होता.

तर प्रश्न असा: सांगायचं कधी? अर्जात, भेटीत, की काम दाखवून झाल्यावर? ज्यांनी माणसं कामावर ठेवलीत त्यांनी स्पष्ट लिहा. 'धीर सोडू नका' छापाचे प्रतिसाद नकोत, तो साठा भरपूर आहे.

प्रतिसाद १:
अर्जात नको. समाजशास्त्रज्ञ डीव्हा पेजर यांनी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात सारख्या पात्रतेचे बनावट उमेदवार नोकऱ्यांसाठी पाठवले होते. निष्कर्ष २००३ साली छापून आले. गोऱ्यांत गुन्ह्याची नोंद नसलेल्यांना ३४ टक्के ठिकाणांहून पुन्हा बोलावणं आलं, तुरुंगवास सांगणाऱ्यांना १७. काळ्यांत हेच आकडे १४ आणि ५. पुढे न्यूयॉर्कमधल्या तशाच अभ्यासात दिसलं की मालकाशी समोरासमोर बोलणं झालं तर नोंदीचा फटका कमी बसतो. त्यामुळे आधी भेट मिळवा. आणि परीक्षा बाहेरच्या मंडळाने घेतली असेल तर त्यांच्याकडे शिक्का नसलेली प्रत मागून बघा.

प्रतिसाद २:
माझा फर्निचरचा छोटा कारखाना आहे. कागद मी बघतच नाही. लाकूड देते आणि एक ड्रॉवर करायला सांगते. तो सुरळीत सरकला तर पुढचं बोलणं. तुम्ही काम दाखवून झाल्यावर सांगा, पण पगार ठरायच्या आधी. नंतर कळलं तर फसवल्यासारखं वाटतं, तुमच्या त्या मालकाला वाटलं असेल तसं. आणि दोन वाक्यांत सांगा. एकाने मला अर्धा तास ऐकवलं. गुन्ह्यापेक्षा त्या अर्ध्या तासाचीच धास्ती बसली. 'पैशाचा व्यवहार माझ्याकडे देऊ नका' हे मात्र स्वतःहून म्हणा.

धागाकर्ता:
ड्रॉवरचं पटलं ताई. भाच्याच्या टेबलाचा खण कधीचा अडकतोय, आज तोच काढतो. एक शंका उरते. पगार ठरायच्या आधी सांगितलं आणि त्याचाच फायदा घेऊन मालकाने निम्म्यावर आणलं तर? हो म्हणायचं की उठायचं?