सेंट हेलेनाला 1947 मध्ये राजा आला, पण बेटाला मिळालं काय?

गलबत: कालपासून तो फोटो फिरतोय, सहावा जॉर्ज, राणी आणि दोन्ही राजकन्या सेंट हेलेनावर, म्हणजे दक्षिण अटलांटिकमधल्या ब्रिटिश बेटावर, खाली ओळ 'राजा स्वतः आला आणि बेटाचं नशीब उघडलं'. वाचून डोकंच फिरलं. दक्षिण आफ्रिकेचा दौरा आटपून व्हॅनगार्ड युद्धनौका घरी चालली होती, 29 एप्रिलला वाटेत नांगर टाकला, जेम्सटाऊनला उतरले, कैदेतला नेपोलियन राहिला ते लाँगवुड घर बघितलं आणि निघाले. तिथली माणसं तेव्हा वाखाच्या गिरण्यांत राबत होती, ब्रिटिश पोस्टाला सुतळी लागायची म्हणून. 1966 ला पोस्टाने कृत्रिम दोरा घेतला आणि गिरण्या बसल्या. तेव्हा कोण धावलं?

जुनी_बखर: एवढं तोडून बोलू नका हो. गादीवरचा राजा त्या बेटावर पहिल्यांदाच आला होता. 122 चौरस किमीचा खडक, आफ्रिकेचा किनारा 1900 किमीच्या आसपास लांब, तेव्हा विमान नव्हतं. काकांचं जहाज एकदा तिथे थांबलेलं, छोट्या होडीतून यायचं आणि लाट वर आली की दोर पकडून पायरीवर उडी मारायची. तिथले म्हातारे राजाच्या भेटीबद्दल अजून भरभरून बोलायचे म्हणे. आपली कुणीतरी दखल घेतली याचं मोल इथे बसून कळत नाही.

नैरोबीची_भाची: दखल? 1673 च्या सनदेत दुसऱ्या चार्ल्सने त्या बेटावरच्या लोकांना इंग्लंडात जन्मलेल्यांचेच हक्क लेखी दिले होते, आणि 1981 च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्याने त्यांच्या वारसांना ब्रिटनमध्ये राहायचाही हक्क ठेवला नाही. फॉकलंड बेटांना अर्जेंटिनाशी झालेल्या युद्धानंतर 1983 मध्ये पूर्ण नागरिकत्व, यांना मात्र 2002 उजाडावं लागलं. आमच्या आत्याचं तेच झालं. नैरोबीत ब्रिटिश पासपोर्ट जपून ठेवलेला, मार्च 1968 मध्ये तीन दिवसांत कायदा करून ब्रिटनचं दार लावलं. सामान बांधलेलं तसंच राहिलं, शेवटी पुण्याला आजोबांकडे परत.

स्पष्टच_सांगतो: ताई, केनिया कुठून आलं मध्येच? आणि केनिया स्वतंत्र झाल्यावर तिथलं नागरिकत्व घ्यायला दोन वर्षं मुदत होती की, का नाही घेतलं?

नैरोबीची_भाची: तोंड सांभाळून बोला. नोकरी टिकेल की नाही याचा भरवसा नव्हता तिथे, चार पोरं पदरात. राणीच्या नावाने दिलेल्या कागदावर विश्वास ठेवला, हा गुन्हा झाला का तिचा? सेंट हेलेनाची माणसं आणि माझी आत्या एकाच कागदाला फसली, म्हणून केनिया आलं मध्ये!

स्पष्टच_सांगतो: आत्याबद्दल वाईट वाटतं. तरी धागा बेटाचा आहे एवढंच म्हणतोय.

जुनी_बखर: पण कायदे संसद करते, राजा नाही. 1947 च्या त्या हिवाळ्यात इंग्लंड गारठलं होतं, कोळसा नव्हता, राजाला दौरा सोडून परत यायचं होतं, पंतप्रधान ॲटलींनी येऊ दिलं नाही. इतकाच अधिकार होता त्याला.

गलबत: बरं, हे मानावं लागेल. पण मग अधिकारच नव्हता तर बेटाचं नशीब त्याने उघडलं कसं? ती ओळ खोटीच ना.

नैरोबीची_भाची: संसदेच्या कायद्याला मंजुरी राजमुकुटाचीच लागते. 1968 ला आणि 1981 ला गादीवर कोण होतं? फोटोतली थोरली मुलगी, एलिझाबेथ.

जुनी_बखर: हो, तीच. मग 2002 चा कायदाही तिच्याच काळात झाला, तेही लिहा.